बिनमाणसाचे छायाचित्र

अमेरिकेतील ‘व्होग’ मासिकाच्या ऑगस्ट २०२५ च्या अंकात ‘गेस’ या कपडे विकणाऱ्या पेढीची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. सोनेरी केसांची एक देखणी तरुणी तीत उभी आहे. वस्त्राची चुणी जेथे पडावयास हवी तेथेच पडली आहे. त्वचेवर डाग म्हणून नाही. पानाच्या कोपऱ्यात मात्र, चाळिशी लावूनही दोनदा पाहावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत, हे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने तयार केल्याची नोंद होती. म्हणजे ही तरुणी कोणाच्याही घरी जन्मली नव्हती, ते वस्त्र तिने अंगावर घातले नव्हते, आणि तिच्यासमोर कोणी कॅमेराही उभा केला नव्हता. लंडनमधील एका लहानशा संस्थेने संगणकाकडून दहा तरुणींचे मसुदे करून घेतले. पेढीच्या संस्थापकाने त्यांतील दोघी पसंत केल्या, एक सोनेरी केसांची व एक तपकिरी केसांची. आपल्याकडील मुली पाहण्याच्या समारंभात निदान मुलगी तरी खरी असते.

या जाहिरातीवरून मोठा गदारोळ उठला. कित्येक वाचकांनी वर्गणी बंद करण्याची भाषा केली. छायाचित्र आता खोटे बोलू लागले, असा एकंदर तक्रारीचा सूर होता. तो सूर आम्हांस तितकासा पटत नाही. छायाचित्र खोटे बोलावयास शिकले ते जवळजवळ त्याच्या बाळपणातच. आज जे नवे घडले आहे ते याहून निराळे आहे, आणि ते ओळखावयाचे तर थोडे मागे जाणे अवश्य आहे.

दागेरची युक्ती १८३९ साली जगापुढे आली. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८५७ साली, मँचेस्टरच्या प्रदर्शनात ऑस्कर रेलँडर याने ‘जीवनाचे दोन मार्ग’ या नावाचे एक भव्य चित्र मांडले. एका बाजूस सदाचार, दुसऱ्या बाजूस विलास, आणि मध्ये संसाराच्या उंबरठ्यावर उभे असलेले दोन तरुण, असा तो देखावा. हा सारा दरबार एका ठिकाणी कधीच जमला नव्हता. सुमारे तीस निगेटिव्हा निरनिराळ्या छापून व एकमेकींशी जुळवून रेलँडरने तो कागदावर जमविला होता. व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हांतून मृत्युशय्येवरील एका मुलीचे चित्र सिद्ध केले. ती मुलगी वस्तुतः निरोगी होती. पण त्यावर जी टीका झाली तिचा रोख, इतके खाजगी दुःख कॅमेऱ्याने चव्हाट्यावर आणावे काय, या मुद्द्यावर होता. चित्र पाच तुकड्यांचे आहे ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातही आली नसावी.

आपल्या प्रांतातही या विद्येचे आगमन लौकर झाले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये हा विषय शिकविला जाऊ लागला. पुढे गावोगाव स्टुडिओ निघाले, आणि काळ्यापांढऱ्या छायाचित्रावर हाताने रंग चढवून घेण्याची आपल्या लोकांना विशेष गोडी लागली. आमच्या घरी आजीचे तिच्या लग्नानंतर काढलेले असे एक छायाचित्र आहे. त्यात ती हिरवे लुगडे नेसली आहे, नाकात मोत्यांची नथ आहे, आणि गालांवर लाली इतकी की ज्वर भरला असावा. आजी सांगे की, त्या दिवशीचे लुगडे जांभळे होते आणि नथ घातलीच नव्हती. ती रंगाऱ्याने घातली. निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून देवीचे वण नाहीसे करणे हे तर स्टुडिओवाल्याचे रोजचेच काम होते. तथापि आजी त्या खुर्चीवर बसली होती हे निर्विवाद. तिचे पाय जमिनीस टेकत नव्हते, हे चित्रात दिसते. रंगाऱ्याने लुगडे बदलले, नाक सजविले. डोळ्यांतील भीती बदलणे मात्र त्याला सुचले नाही, किंवा जमले नाही.

छायाचित्राच्या इतिहासात खरेखोटेपणाचा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो तो याकरिता. ते चित्र घडण्यासाठी कोणाला तेथे हजर राहावे लागले, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न होय. आणि तो जितका वेषभूषेच्या छायाचित्रात स्पष्ट होतो तितका इतरत्र क्वचितच होतो.

पॅरिसची नवी वस्त्रे जगाला कळत ती पूर्वी मुख्यत्वे हाताने काढलेल्या चित्रांवरून. १९११ साली एडवर्ड स्टायकेन याने पॉल प्वारे या शिंपीश्रेष्ठाच्या पोशाखांची छायाचित्रे एका फ्रेंच कलामासिकासाठी काढली. आधुनिक वेषभूषाचित्रणाचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. पुढे ‘व्होग’ने बॅरन द मेयर यास पगारी छायाचित्रकार नेमले, १९२३ साली त्याच्या जागी स्टायकेन आला, आणि जुलै १९३२ च्या अंकावर त्याच मासिकाचे पहिले रंगीत छायाचित्राचे मुखपृष्ठ झळकले. रेखाचित्र हळूहळू मागे पडले. याचे एक कारण छपाईची सोय हे असले, तरी दुसरे कारण विश्वास हे होते. चित्रकाराच्या बाईला कंबर किती असावी हे कुंचला ठरवी. छायाचित्रातील वस्त्र मात्र कोणीतरी प्रत्यक्ष अंगावर घातलेले आहे, ते शिवले गेले आहे, ते घालून उभे राहता येते, एवढी हमी ग्राहकाला मिळे. त्या हमीवर मग छायाचित्रकार वाटेल तितके मनोराज्य चढवू शके. जानेवारी १९५० च्या ‘व्होग’चे मुखपृष्ठ घ्या. एर्विन ब्लूमेनफेल्ड याने जीन पॅचेट हिच्या एका छायाचित्रातून तिचा सारा चेहरा पुसून टाकला आणि एक डोळा, भुवई, ओठ व एक तीळ एवढेच शिल्लक ठेवले. कारागिरी म्हणून आजच्या संगणकालाही ते चित्र लाज आणील.

परंतु या विषयावर विचार करताना आमच्या डोळ्यांसमोर जे चित्र सदैव उभे राहते ते रिचर्ड ॲव्हेडन याने ऑगस्ट १९५५ मध्ये पॅरिसच्या एका सर्कशीत काढलेले. दिऑरच्या पेढीचा काळा पोशाख, जो इव्ह सां लोराँ या तेव्हा अगदी पोरसवदा असलेल्या कारागिराने योजला होता, तो घालून डोव्हिमा नावाची मॉडेल हत्तींच्या मधोमध उभी आहे. एक हात सोंडेवर टेकला आहे, दुसरा हवेत आहे. कमरेचा पांढराशुभ्र रेशमी शेला खाली पसरला आहे. आणि हत्तींच्या पायांत साखळदंड आहेत. वरून दिवसाचा उजेड येतो आहे. बारकाईने पाहिले म्हणजे जनावरांच्या सुरकुतलेल्या कातड्यापुढे त्या स्त्रीचे नितळ खांदे किती नाजूक व किती धीट आहेत हे जाणवते. हे चित्र जगभर गाजले, संग्रहालयांत गेले. ॲव्हेडनला मात्र ते पुढे आयुष्यभर बोचत राहिले. तो शेला डावीकडे वाऱ्यावर उडता, तर चित्राची रेषा पूर्ण झाली असती; त्या दिवशी हे आपणांस का सुचले नाही, याची हळहळ त्याने बोलून दाखविली आहे, आणि तेवढ्यासाठी ते चित्र आपल्यापुरते फसलेलेच आहे असे तो म्हणे.

वाचकांनी या हळहळीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. शेला उडविणे हे आज कोणत्याही शिकाऊ कारागिराचे पाच मिनिटांचे काम आहे. ॲव्हेडनला ते नंतर करता आले नाही, कारण ती घटिका निघून गेली होती: हत्ती तबेल्यात गेले, डोव्हिमाने पोशाख उतरविला, उजेड सरला. मूळ प्रसंगी काही राहून जाते आणि ते कायमचे राहून जाते, ही त्या विद्येची अट होती. डिजिटल तंत्राने प्रथम ही अट काढून टाकली.

हे कसे झाले ते थोडक्यात सांगतो. १९५७ साली अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेत रसेल कर्श याने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्राकडून वाचवून घेतले. उभ्या १७६ व आडव्या १७६ चौकटींत त्याची वाटणी केली, आणि प्रत्येक चौकट काळी की पांढरी एवढेच आकड्यांत नोंदविले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा जुळविला. त्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर होते, त्यातील चित्र दहा हजार ठिपक्यांचे असे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. फिल्म विकून श्रीमंत झालेल्या कंपनीला हे अपत्य फारसे कौतुकाचे वाटले नाही. जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला, हे सर्वश्रुत आहे.

चित्र एकदा आकड्यांचे झाले म्हणजे आकडा बदलताच चित्र बदलते, आणि बदलल्याची खूण मागे राहत नाही. शिसपेन्सिलीचा ओरखडा भिंगाखाली दिसतो. आकड्याला ओरखडा नसतो. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या उभट मुखपृष्ठावर गिझाचे दोन पिरॅमिड मावेनात, तेव्हा संगणकाने ते जवळ सरकविले, चार हजारांहून अधिक वर्षे जे हलले नव्हते ते संपादकाच्या सोयीसाठी हलले. असे काम करणारी यंत्रे तेव्हा अत्यंत महाग होती. थॉमस व जॉन नोल या बंधूंनी रचलेले ‘फोटोशॉप’ फेब्रुवारी १९९० मध्ये विक्रीस आले आणि ती करामत टेबलावर आली. त्याचे प्रयोग दाखविण्यासाठी जॉन जे छायाचित्र वापरी ते त्याच्या वाग्दत्त वधूचे होते, समुद्रकाठी पाठमोरी बसलेले.

वेषभूषेच्या स्टुडिओत या बदलाचे पहिले पाऊल उमटले ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. फिल्मच्या काळी छायाचित्रकार उजेड पारखण्यासाठी पोलरॉइडवर एखादे झटपट चित्र काढी. त्यानंतर जे चाले ते त्याच्या आणि मॉडेलच्या दरम्यान. एका रोलात बारा नाही तर छत्तीस चित्रे, आणि ती कशी आली हे रसायनातून निघेपर्यंत कोणासच कळत नसे. या अज्ञानाच्या आडोशाने छायाचित्रकाराचे राज्य चाले. आता कॅमेऱ्याची तार संगणकास जोडलेली असते, आणि चाप दाबताच चित्र भल्या मोठ्या पडद्यावर उमटते. त्या पडद्याभोवती मासिकाचा कलासंचालक, जाहिरातदाराचा माणूस, केशभूषाकार असे सारे गोळा होऊन मते देऊ लागतात. मॉडेलकडे पाहणाऱ्यांपेक्षा पडद्याकडे पाहणारे अधिक. ‘हे नंतर नीट करून घेऊ’ हे वाक्य त्या जगात उच्चारले जाऊ लागले, आणि तेथून सत्ता ‘नंतर’ नीट करणाऱ्याच्या हाती गेली.

या ‘नंतर’चा अधिपती म्हणजे न्यूयॉर्कचा पास्कल दांजँ. २००८ सालच्या मे महिन्यात ‘न्यूयॉर्कर’ने त्याच्यावर दीर्घ लेख छापला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याचे नाव कळले. त्याच वर्षीच्या ‘व्होग’च्या एका मार्च अंकातील १४४ चित्रांवरून त्याचा हात फिरला होता: १०७ जाहिराती, ३६ पोशाखांची चित्रे आणि मुखपृष्ठ. एका अंकातील इतक्या निरनिराळ्या छायाचित्रकारांची दृष्टी शेवटी एकाच माणसाच्या बोटांतून गाळून येत होती. शिवणाऱ्याचे नाव छापले, काढणाऱ्याचे छापले. पण त्या काळी या शेवटच्या हाताचे नाव सहसा कोठे छापले जात नसे.

त्या हाताने काय केले याची काही उदाहरणे न्यायालयांपर्यंत नाही तरी नियामकांपर्यंत पोहोचली. २००३ साली इंग्लंडच्या ‘जीक्यू’ मासिकाने केट विन्स्लेट हिचे पाय मुखपृष्ठावर बारीक केले, तेव्हा तिने स्वतःच आपण अशा दिसत नाही व दिसू इच्छीत नाही असे सांगून टाकले. २०११ साली ज्युलिया रॉबर्ट्सचा चेहरा असलेली एक प्रसाधनाची जाहिरात ब्रिटनमध्ये बंद पाडण्यात आली. प्रसाधनाचा गुण कोणता आणि संगणकाचा कोणता हे कंपनीला सिद्ध करता येईना. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘एच अँड एम’च्या जाहिरातींत संगणकाने घडविलेल्या एकाच धडावर निरनिराळ्या मुलींची डोकी बसविल्याचे उघडकीस आले. येथे माणूस गळ्यापर्यंतच उरला होता!

मग कायदे आले. इस्रायलने २०१२ साली, फ्रान्सने ऑक्टोबर २०१७ पासून, नॉर्वेने जुलै २०२२ पासून अशा चित्रांवर ‘हे दुरुस्त केलेले आहे’ अशी चिठ्ठी लावणे सक्तीचे केले. फ्रान्समध्ये चुकल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड, अथवा जाहिरातखर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत. हेतू स्तुत्य आहे. परंतु चिठ्ठीने फार काही साधेल असे आम्हांस वाटत नाही. डोळा चित्र आधी पाहतो आणि अक्षरे मागून वाचतो. शिवाय जे काम दांजँसारखा एक माणूस न्यूयॉर्कमध्ये करी ते आता प्रत्येकाच्या खिशातील फोन करतो. आमच्या वर्गातील हुशार, वाचणाऱ्या मुली स्वतःचे छायाचित्र मैत्रिणीस धाडण्यापूर्वी नाक सरळ व वर्ण उजळ करून घेतात, आणि विचारले असता, ‘सर, सगळेच करतात’ असे उत्तर देतात. त्यांना कोणता कायदा चिठ्ठी लावणार? आजीने निदान रंगाऱ्याला नावे ठेविली होती.

एकाच बाजूने लिहिणे मात्र अन्यायाचे होईल. निक नाइट हा इंग्रज कलावंत स्वतःस छायाचित्रकार म्हणवून घेण्यापेक्षा प्रतिमाकार म्हणवून घेणे पसंत करतो, आणि त्याने २००० साली सुरू केलेल्या ‘शो स्टुडिओ’ने वेषभूषेचे चित्र हलते केले. ६ ऑक्टोबर २००९ रोजी अलेक्झांडर मॅक्वीनचा पॅरिसमधील पोशाखांचा समारंभ त्याने इंटरनेटवरून थेट दाखविला, तेव्हा पाहणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की यंत्रणाच कोलमडली. जे दर्शन आजवर निवडक आमंत्रितांचे होते ते दारे फोडून बाहेर आले. याच नाइटने १९९८ साली, दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेली धावपटू एमी मलिन्स हिची जी चित्रे काढली ती पाहिली म्हणजे सौंदर्याविषयीच्या आपल्या कल्पना किती भित्र्या आहेत ते कळते. फिल्मचा खर्च गेला म्हणून कितीतरी गरीब घरचे तरुण या धंद्यात येऊ शकले, हेही खरे. आणि कागदी अंकामागचा पसारा काय असतो तेही पाहावे. इटलीच्या ‘व्होग’ने जानेवारी २०२० चा अंक एकही छायाचित्र न काढता, केवळ हाताने काढलेल्या चित्रांनी सजविला. त्या वेळी संपादकाने आपल्या आधीच्या एका अंकाचा हिशेब दिला: आठ चित्रणे, दीडशे माणसे, विमानाच्या वीसेक फेऱ्या. रेखाचित्र शतकभराने असे मागल्या दाराने परत आले.

पण त्या दीडशे माणसांचीच आज खरी गोष्ट आहे. २०१७ साली एका ब्रिटिश छायाचित्रकाराने संगणकावर शुडू नावाची कृष्णवर्णीय सुंदरी घडविली, आणि पुढल्याच वर्षी ‘बाल्मँ’ या पॅरिसच्या पेढीने तिला आणखी दोघी तशाच अशरीरिणींसह आपल्या मोहिमेत घेतले. घडविणारा गोरा, घडविलेली काळी. काळ्या मुलींना काम द्यावयाचे सोडून काळ्या मुलीची आकृती कामावर ठेवली, हा त्यावर झालेला आक्षेप आम्हांस निरुत्तर करणारा वाटतो. मार्च २०२३ मध्ये ‘लेव्हाय’ने, आपल्या जाहिरातींत विविधता यावी म्हणून, कृत्रिम मॉडेल वापरून पाहण्याचे जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये ‘एच अँड एम’ने तीस खऱ्या मॉडेलांच्या संगणकीय प्रतिकृती करण्याचे ठरविले, त्यांवरील हक्क त्या त्या मॉडेलकडे राहतील व वापराचे पैसे तिला मिळतील असे सांगितले. प्रतिकृती थकत नाही, जेवत नाही, तिला केस विंचरावे लागत नाहीत. म्हणजेच केस विंचरणारी, टाचण्या लावून झगा पाठीमागून आवळणारी, दिवे धरून उभी राहणारी, इस्त्री करणारी ही सारी मंडळीही नको होतात. त्यांची नावे अंकात पूर्वीही बारीक अक्षरांतच येत.

हजर राहण्याचे मोल पूर्वी तरी नीट दिले जात होते काय? डोव्हिमा आपल्या काळातील सर्वांत महागड्या मॉडेलांपैकी एक होती. उतारवयात ती फ्लोरिडातील एका पिझ्झाच्या खानावळीत आल्यागेल्याचे स्वागत करण्याच्या कामावर होती, आणि मे १९९० मध्ये, ‘फोटोशॉप’ बाजारात येऊन तीन महिने होतात तोच, वारली. हत्तींसह तिचे ते चित्र, त्याची एक मोठी प्रत, नोव्हेंबर २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ८,४१,००० युरोंस गेली. घेणारी पेढी दिऑरचीच होती.

न्यूयॉर्क राज्याने या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. १९ जून २०२५ पासून तेथे असा कायदा अमलात आला की, मॉडेलची संगणकीय प्रतिकृती करावयाची अथवा वापरावयाची असल्यास तिची स्पष्ट लेखी संमती हवी, आणि तीत वापर कशासाठी, किती काळ व काय मोबदल्यावर हे नमूद हवे. डोव्हिमाच्या पिढीला असे काही लाभले असते तर बरे झाले असते. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘व्होग’चा तो ऑगस्टचा अंक निघाला. सोनेरी केसांच्या त्या तरुणीच्या बाबतीत या कायद्याला विचारण्यासारखे काही नव्हते, कारण ती कोणा एकीची प्रतिकृतीच नव्हती. अशी यंत्रे शिकतात ती पूर्वी काढलेल्या असंख्य छायाचित्रांवरून. त्यांतील प्रत्येक चित्रासाठी कोणीतरी, कोठेतरी, दिव्याखाली उभी राहिली होती. तिची सही कोणी कोठे घ्यावी, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही.